फायटरमामा आणि साडूचं पाणी

आमच्या मामाला सगळा बाजार फायटरमामा म्हणतो. त्यातला मामा खरा, फायटर तेवढा खरा नाही. जन्मात त्याने कोणावर हात उगारलेला नाही. डाससुद्धा मारत नाही, कारण डासांच्या अळ्यांवरच त्याचं दुकान चालतं. मामा बरण्यांमधून फायटर नावाचे मासे वाढवतो आणि विकतो. बोटाएवढा मासा, शेपटी नवरीच्या पदरासारखी आणि स्वभाव भाडं थकलेला भाडेकरू दिसल्यावर घरमालकाचा होतो तसा. दोन नर एकमेकांना दिसले की कल्ले छत्रीसारखे उघडतात, पर ताणतात आणि काचेला धडका मारतात. याला म्हणतात फुलणं. शौकीन लोक त्यांना खरंखुरं लढवत नाहीत. दोन बरण्या शेजारी ठेवायच्या, मधला पुठ्ठा काढायचा आणि कोण किती फुललं ते बघायचं. दर वर्षी याची स्पर्धा भरते, आणि परीक्षक अशा गंभीर चेहऱ्याने बरणीत डोकावतात की वाटावं, आतला मासा काहीतरी महत्त्वाचं सांगणार आहे.

घरामागे विहीर, विहिरीला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये फळ्यांवर ओळीने बरण्या आणि प्रत्येक दोन बरण्यांच्या मध्ये एक पुठ्ठा. सकाळी चहाचा कप घेऊन मामा आत शिरतो, एकेक पुठ्ठा उचलतो, माशांना जरा वेळ एकमेकांवर चिडू देतो आणि पुठ्ठा परत घालतो. त्याचं म्हणणं असं की फार वेळ बघू दिलं की राग शिळा होतो. माशांच्या बाबतीत ते खरं असेल. मामाचा स्वतःचा राग शिळा झालेला मी बघितलेला नाही. तो फक्त मुरत जातो.

आता हा राग कुठून आला ते सांगतो.

मामाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून, जोड्या लावून माशांचा एक वाण तयार केला होता. निळाकाळा रंग, आणि चिडका असा की बरणीवर माशी बसली तरी फुलायचा. त्यातल्या सगळ्यात देखण्या नराचं नाव कोतवाल. त्या वर्षीच्या स्पर्धेत परीक्षकाने पुठ्ठा काढला. समोरचा मासा टरारून फुलला. कोतवालने त्याच्याकडे, आपण लग्नात लांबच्या नातेवाइकाकडे बघतो तसं बघितलं. ओळख आहे, पण बोलायची गरज नाही. परीक्षकाने काचेवर टिचकी मारली. कोतवाल वळला आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. पुढे त्या विणीतला प्रत्येक मासा तसाच निघाला. गिऱ्हाइकं बरण्या परत आणून द्यायला लागली. एकाने तर विचारलं की मामा, हा फायटर आहे की निवृत्त मास्तर?

हे एवढंच असतं तर मामाने नशिबाला शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण त्याच दिवसांत मामाच्या सासरी सगळे जेवायला जमले होते. तिथे मामाचा साडूही होता. मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गोरापान, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला गोळ्यांचा जो कारखाना आहे त्यात तो सांडपाण्याचा साहेब. सासरचे सगळे त्याला नुसतं साहेब म्हणतात. मामाला मामा म्हणतात. यातला फरक मामाला कधी सांगावा लागला नाही. तर जेवताना माशांचा विषय निघाला, कोणी हळहळलं, आणि साहेबांनी हात धुता धुता अगदी सहज म्हटलं, "साडूभाऊ, त्यात माशांचा काय दोष? मालकावर गेलेत."

सगळे हसले. सासूबाईंना हसून ठसका लागला. मामी पदर तोंडाला लावून हसली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मामाही हसला. इतरांचं हसणं तो एक वेळ विसरला असता, स्वतःचं त्याला आजतागायत पचलेलं नाही.

काही दिवसांनी कोतवाल गेला. मासा मरताना थोडी तरी तडफड करतो. हा इतका समाधानाने गेला की मामाला दुःखाच्या आधी संताप आला.

पुढे एका सकाळी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून एक बाई बाटल्या भरताना दिसली. मामाला वाटलं, अळ्या पळवणारी कोणीतरी नवी धंदेवाली आली. तो भांडायलाच गेला. बाई निघाल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या. पाण्यात औषधं किती उतरतात ते शोधणं हेच त्यांचं काम. भांडणाचं निमित्त हुकल्यामुळे मामाने मग त्यांना चहा पाजला, आणि चहाबरोबर त्याला कळलं ते असं: वरच्या कारखान्यात गेल्या वर्षापासून जीव घाबरणाऱ्या माणसांसाठी गोळ्या बनतात. त्या औषधाचा अंश सांडपाण्यातून ओढ्यात येतो, ओढ्यातून झिरपत विहिरीत. माणसाला काही कळू नये एवढा थोडा, पण बोटाएवढ्या माशाला पुरेसा.

मामाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे माझी पोरं वर्षभर गुंगीत आहेत. आणि गुंगी पाजणारा माझ्याच ताटाशेजारी बसून जेवतो."

बाईंनी समजावलं की कोणी मुद्दाम करत नाही. कारखान्याच्या सांडपाण्याची तपासणी होते, पण त्यात घाण, आम्ल, वास असलंच सगळं बघतात. औषध उरलं का, हे कोणी विचारतच नाही. साधी यंत्रणा ते काढूही शकत नाही. मामाला यातलं काही ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या डोक्यात तोवर एकच गोष्ट पक्की झाली होती. साडूने ते वाक्य त्याच माणसांसमोर गिळायचं. त्याहून कमी काही नको.

मामीने सरळ उपाय सांगितला. नळाचं पाणी घ्या, दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाईल, मासे होतील ठीक. मामा म्हणाला, मग तो जिंकला. मामीने विचारलं की अहो, मासे वाचवायचेत की साडूला बुडवायचंय? मामाने उत्तर द्यायच्या ऐवजी चपला घातल्या आणि प्रयोगशाळा गाठली.

बाईंकडे एक युक्ती होती. काचेचे मणी, त्यांवर एका पांढऱ्या पुडीचा पातळ थर. उजेड पडला की ती पूड जागी होते आणि पाण्यातल्या औषधाचे लचके तोडते. स्वतः मात्र झिजत नाही. नुसत्या पुडीला त्यासाठी खास दिवा लागतो, पण बाईंनी त्यात काहीतरी मिसळून तिला साध्या उन्हालाही जागी होणारी केली होती. प्रयोगशाळेत जमलं होतं. आता खऱ्या पाण्यावर, खऱ्या आवारात बघायचं होतं. मामाने आवार तिथल्या तिथे देऊन टाकलं. वर विचारलं की ही पूड असते तरी कसली? बाई म्हणाल्या, रंगात असते, आणि गोळ्यांना वरून जो पांढराशुभ्र थर देतात त्यातही बरेचदा हीच असते. मामा जो खूश झाला. गोळीचाच अंगरखा काढून गोळीचा गळा आवळायचा, यापेक्षा गोड सूड त्याला स्वप्नातही सुचला नसता.

घरी येऊन त्याने मामीला सगळं समजावलं. स्वतः झिजत नाही आणि दुसऱ्याला दिवसभर कुरतडते, अशी पूड आहे. मामी म्हणाली, "माझ्या आईबद्दल बोलत असाल तर तिच्यासमोर बोला."

आवारात काचनळ्या उभ्या राहिल्या, मागे चकचकीत पत्रा, म्हणजे ऊन दोन्ही बाजूंनी पडावं. विहिरीचं पाणी टाकीत, टाकीतून छोट्या पंपाने नळ्यांत, मण्यांवरून घरंगळत परत टाकीत. दिवसभर ऊन खाऊन झालं की ते पाणी माशांना. बाईंनी सगळं लावून दिलं, त्यांना फक्त आकडे हवेत, भांडणाशी संबंध नाही, असं बजावलं आणि कॉलेजच्या परीक्षांमध्ये अडकून पडल्या. एकाच विणीतले दोन भाऊ मामाने निवडले. एक विहिरीच्या पाण्यात, दुसरा उन्हातून काढलेल्या. आणि धीर धरायच्या ऐवजी त्याने सासरच्या सगळ्यांना जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं. साहेबांना दोनदा निरोप.

जेवणं झाली. मामाने दोन बरण्या टेबलावर मांडल्या, घसा साफ केला, औषध, ओढा, विहीर असं सगळं मोठ्या आवाजात सांगितलं, आणि पुठ्ठा काढला.

दोन्ही भावांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने शेपूट जरा हलवलं. दुसरा तळाशी जाऊन बसला.

साडूने चष्मा वर सरकवला, आळीपाळीने दोन्ही बरण्या बघितल्या आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "आता दोघंही गेले मालकावर."

या वेळी मामा हसला नाही. पाहुणे जाईपर्यंत तो बरण्या पुसत बसला होता. नंतर मला म्हणाला की पुडीनेही मला फसवलं, बाईनेही फसवलं, मासेही फितूर झाले. त्याच्या तोंडून यादी वाढतच होती, आणि तिच्यात शेवटी माझंही नाव आलं, कारण मी बरण्या उचलायला मदत केली नव्हती.

परीक्षा संपवून बाई आल्या. आवारात पाऊल टाकल्या टाकल्या टाकीत वाकून त्यांनी विचारलं, "मामा, हा चहा कोणी केला?"

टाकीतलं पाणी तांबूस होतं. आता यात मामाला काही वावगं दिसणं शक्यच नव्हतं. फायटर पाळणारे सगळेच पाण्यात वाळकी पानं टाकतात. पाणी चहाच्या रंगाचं झालं की मासा निरोगी राहतो, रंग खुलतो, हा त्यांचा जुना नियम. मामाने प्रयोगासाठी म्हणून इतरांहून दुप्पट पानं घातली होती, तीही सरळ टाकीत, पहिल्याच दिवशी. साडूसमोर मासा उठून दिसायला हवा ना.

बाईंनी एका बरणीत ते पाणी घेऊन उन्हात धरलं आणि पलीकडे बोट धरून विचारलं, दिसतंय का? नीट दिसत नव्हतं. मग त्या म्हणाल्या की उजेड हेच या पुडीचं बळ. अर्धा उजेड या रंगानेच पिऊन टाकला. उरलेल्या अर्ध्यात पूड जागी झाली तर तिच्यासमोर पानांचा अर्क इतका की ती त्यालाच कुरतडत बसली. औषधापर्यंत पोचलीच नाही.

मामा टाकीच्या कठड्यावर बसला. "म्हणजे साडूला मीच वाचवला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी वेदना मी कोतवाल गेला तेव्हाही ऐकली नव्हती.

मग पानं गेली. टाकी घासली, मणी धुतले, पाणी काचेसारखं झालं. पानं घालायचीच तर नळ्यांतून पाणी निघाल्यावर बरणीत घाला, असं बाईंनी सांगितलं, पण मामाने आता धसका घेतला होता. पानाचा तुकडा वाऱ्याने आवारात आला तरी तो त्याच्यामागे झाडू घेऊन धावायचा. बाई येऊन बाटल्या भरून न्यायच्या. औषध कमी होत होतं. तरी त्या सावध बोलायच्या, की औषध तुटलं म्हणजे संपलं असं नाही, त्याचे तुकडे काय करतात तेही बघावं लागेल. मामाला तुकड्यांशी घेणं नव्हतं. तो रोज सकाळी पुठ्ठा काढायचा, बघायचा आणि घालायचा. बरेच दिवस काही नाही. मग एकदा मामा बरणीवर वाकला असताना त्याचं नाक बघून आतल्या माशाचे कल्ले जरा उचलले गेले. पुढच्या आठवड्यात त्याने नाकाला धडक मारली. त्या दिवशी मामाने दोनदा चहा घेतला.

आता अडचण अशी की मासे बघायला दुसऱ्यांदा जेवायला कोण येणार? पण त्याच सुमारास साडूने नवीन घर घेतलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. आहेर म्हणून मामा दोन बरण्या घेऊन गेला, मध्ये पुठ्ठा. साडूने त्या हसत हसत घेतल्या आणि नव्या कपाटावर, पाहुण्यांना दिसतील अशा ठेवल्या. स्वतःच्या हाताने. हे मामा अजूनही मुद्दाम सांगतो.

सगळे बसल्यावर मामा उठला. या वेळी भाषण नाही, काही नाही. पुठ्ठा काढला.

एका बरणीतला मासा फुलला तो असा की बरणी लहान वाटायला लागली. कल्ले उघडे, पर ताणलेले, काचेवर टक टक धडका. दुसऱ्या बरणीतला त्याचा सख्खा भाऊ जागचा हललाही नाही.

मामा म्हणाला, "हा फुललेला माझ्या पाण्यातला. तो शांत आहे तो तुमच्या. आता सांगा साहेब, कोण कोणावर गेला?"

मामाने किती दिवस हे वाक्य घोटलं होतं ते मामीलाच माहीत. त्याची अपेक्षा होती हशाची. सासूबाईंच्या ठसक्याची. पण कोणी हसलं नाही. सासूबाई काठी टेकत उठल्या, दोन्ही बरण्यांजवळ गेल्या, शांत माशाकडे बराच वेळ बघत राहिल्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचंही घर आहे आणि घरामागे विहीर आहे. वळून त्यांनी धाकट्या जावयाला विचारलं, "साहेब, आम्ही पितो ते पाणी कुठलं हो?"

साडूची बायको हातात पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला. मामाने मागवला होता हशा, मिळाली ही शांतता, आणि ती कितीतरी मोठी होती. घरी येताना मामी म्हणाली की बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. मामा म्हणाला, मला बघवत होता.

सासूबाईंचा प्रश्न आठवड्याभरात सगळ्या वस्तीचा झाला. लोक कारखान्याच्या फाटकावर विचारायला लागले. मग एका दुपारी साडू एकटाच मामाच्या आवारात आला. नळ्यांभोवती फिरला, मणी हातात घेऊन बघितले. म्हणाला की मालकांनी बाईंशी बोलणी केलीत, ही यंत्रणा मोठी करून कारखान्यात बसवायची म्हणतात, ढगाळ दिवसांसाठी दिवे लावून. फक्त बाईंनी अट घातली की आवार मामांचं आहे, प्रयोग त्यांचा आहे, आधी त्यांचा होकार आणा. बोलता बोलता तो खालच्या आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, मी खोटं कधी बोललो नाही. तपासणीत हे विचारतच नाहीत."

"मासा विचारतो," मामा म्हणाला.

आणि तिथेच त्याने स्वतःची अट सांगितली. बाईंची तपासणी त्यांच्या जागी. पण बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या हौदापाशी मामाच्या दोन बरण्या राहतील, त्यात हौदातलंच पाणी. रोज सकाळी पुठ्ठा साहेबांनी स्वतः काढायचा, शिपायाने नाही. मासे फुलले तर पाणी सोडायचं. नाही फुलले तर साहेबांनी फोन करून मामाला सांगायचं की आज मासे फुलले नाहीत.

साडूने चष्मा पुसून परत घातला. मग हो म्हणाला. मालकाला तर ही कल्पना इतकी आवडली की तो पाहुण्यांना हौद दाखवायला नेतो.

आता दोन बरण्यांपैकी एकीत आहे जमादार. मामाच्या शेडमधला सगळ्यात भांडखोर मासा. त्याची एक गंमत आहे. पुठ्ठा काढायच्या आधीच, साडू नुसता वाकला की तो फुलतो. शिपाई वाकला तर नाही, मालक वाकला तर नाही. मामा म्हणतो, जनावराला माणूस कळतो. मामीने मला खरं काय ते सांगितलं. जमादारला कारखान्यात पाठवायच्या आधी मामाने बाजारातून जाड काळ्या काड्यांचा चष्मा आणला होता, आणि रोज तो घालून, बरणीपाशी तोंड नेऊन, काडीने काचेवर खुटखुट करत बसायचा. मी बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की शास्त्राची काही हरकत नाही, गुंगीतला मासा चष्म्यालाही फुलणार नाही.

साडूलाही कारण कळलं असावं, कारण तो आता चष्मा काढून वाकतो. पण चष्म्याशिवाय त्याला मासा दिसत नाही, म्हणून नाक काचेला टेकवावं लागतं. आणि नाकाला धडक मारणं तर या वाणाच्या रक्तातच आहे. ही वेळ साधून मामा रोज कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या रस्त्याने फिरायला जातो. मामी परवा म्हणाली की अहो, मासे ठीक झाले, पाणी ठीक झालं, त्याने मान खाली घातली, आता पुरे करा.

मामा चपला शोधत होता. त्याने विचारलं, "ओढ्याला पाणी रोज येतं ना?"

मामी म्हणाली, येतं.

"मग रोज," मामा म्हणाला, आणि निघाला.